काही पत्ते लागतात, काही लागत नाहीत: लिनक्सवरील अर्धवट नेटवर्कचे समस्या निवारण

लक्षणे

नेटवर्क चालू असते, बाहेरची संकेतस्थळे उघडतात, पण आपल्याच जाळ्यातील काही ठरावीक पत्ते मात्र लागत नाहीत, असा हा बिघाड आहे. लिनक्सच्या सर्व्हरांवर तो मला इतक्या वेळा निस्तरावा लागला आहे की आता त्याची तपासणी मी ठरलेल्या क्रमानेच करतो. बिघाड पुढीलपैकी एका किंवा अनेक रूपांत दिसतो.

- गेटवेला (जाळ्याबाहेर नेणाऱ्या राउटरला) पिंग केले, म्हणजे उत्तर मागणारे छोटे पॅकेट पाठवले, की उत्तर येते, पण शेजारच्या विभागातील सर्व्हरकडून काहीच येत नाही.
- ‘अ’कडून ‘ब’कडे जोडणी होते, ‘ब’कडून ‘अ’कडे होत नाही.
- पिंग व्यवस्थित चालते, पण एसएसएच (दुरून लॉगिन करण्याची जोडणी) किंवा वेबपान अर्ध्यावर अडकून राहते.
- टीसीपीडंपमध्ये (पॅकेटे टिपून दाखवणाऱ्या साधनात) पॅकेट येताना स्पष्ट दिसते, तरी ज्या प्रोग्रामसाठी ते आले त्याला ते मिळत नाही.
- संगणक पुन्हा सुरू केला की काही काळ सगळे सुरळीत होते आणि मग तोच प्रकार पुन्हा सुरू होतो.

शेवटच्या लक्षणामुळे संगणक लगेच रीस्टार्ट करण्याचा मोह होतो. तो आवरावा. रीस्टार्टमुळे एआरपीचे टेबल (शेजाऱ्यांच्या आयपी पत्त्यांसमोर त्यांच्या कार्डांचे मॅक पत्ते लिहिलेली यादी), चालू जोडण्यांची नोंद आणि कर्नलचे (लिनक्सच्या गाभ्याचे) सगळे काउंटर पुसले जातात. बिघाड तात्पुरता दबतो आणि पुरावा मात्र हातचा जातो.

आधी पिंगचा संदेश नीट वाचावा

या तपासणीला काहीच खर्च येत नाही, आणि तरीही बहुतेक जण ‘पिंग होत नाही’ एवढेच सांगून थांबतात. पिंग कशा प्रकारे अपयशी ठरते, यावरून बिघाड कोणत्या थरात आहे ते बरेचसे कळते. ‘नेटवर्क इज अनरीचेबल’ असा संदेश आला तर कर्नलला राउटिंग टेबलमध्ये त्या पत्त्यासाठी मार्गच सापडलेला नाही आणि पॅकेट संगणकाबाहेर पडलेलेच नाही. ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’ हा संदेश आला आणि त्यातील ‘फ्रॉम’पुढे आपल्याच संगणकाचा पत्ता असेल, तर मार्ग सापडला, समोरचा संगणक याच तारेवर आहे असे कर्नलने मानले, पण एआरपीच्या हाकेला कोणी ओ दिली नाही. तोच संदेश दुसऱ्या पत्त्यावरून आला असेल, तर तो वाटेतल्या राउटरचा निरोप असतो आणि शोध त्या राउटरपासून पुढे घ्यायचा असतो. ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ दिसले तर जवळजवळ नेहमी आपल्याच फायरवॉलने बाहेर जाणारे पॅकेट अडवलेले असते.

काहीच संदेश न येता नुसती शांतता असेल, तर तो सर्वांत अवघड प्रकार समजावा, कारण पॅकेट जाताना हरवले, उत्तर येताना हरवले की उत्तर आपल्यापर्यंत येऊन आपल्याच कर्नलने ते टाकून दिले, हे त्या शांततेवरून कळत नाही.

केबल आणि काउंटर

‘आयपी -एस लिंक’ ही आज्ञा द्यावी आणि संबंधित इंटरफेससमोर (नेटवर्क कार्डासमोर) ‘लोअर अप’ आहे का, ‘एरर्स’चा आकडा वाढतो आहे का, एवढे पाहावे. एकदाच पाहून उपयोग नाही. थोड्या अंतराने दोनदा पाहावे, कारण जुना साचलेला आकडा काहीच सांगत नाही, वाढणारा आकडा सांगतो. एरर्स वाढत असतील तर केबल आणि स्विचचे पोर्ट बदलून बघावे. ‘ड्रॉप्ड’चा आकडा पाहून मात्र लगेच घाबरू नये, कारण ज्या प्रोटोकॉलला संगणकावर कोणी वाली नाही अशी पॅकेटेही कर्नल त्याच खात्यात मोजतो. शिवाय केबल खराब असती तर ती पत्ता पाहून निवड करत बसली नसती. म्हणून काही ठरावीकच पत्ते लागत नसतील तर या टप्प्यावर फार वेळ घालवू नये.

पत्ता आणि मास्क यांचे गणित

या बिघाडाचे मूळ माझ्या अनुभवात सर्वाधिक वेळा येथे सापडते, आणि ते शोधायला कागद-पेन्सिल पुरते. आयपीव्ही४चा पत्ता ३२ बिटांचा असतो आणि तिरप्या रेघेनंतरचा आकडा त्यातील डावीकडचे किती बिट जाळ्याचे आहेत ते सांगतो; हाच मास्क. कर्नलला त्यावरून एकच गोष्ट ठरवायची असते: समोरचा पत्ता आपल्याच जाळ्यात आहे की बाहेर. आत असेल तर एआरपीने समोरच्याचा मॅक पत्ता विचारून पॅकेट थेट पाठवायचे, बाहेर असेल तर ते गेटवेच्या हवाली करायचे. मास्क चुकला की हा निर्णय चुकतो, पण तो सर्व पत्त्यांबाबत चुकत नाही, काहींबाबतच चुकतो. अर्धवट नेटवर्कचे रहस्य बहुधा एवढेच असते.

एक उदाहरण पूर्ण सोडवू. संगणकाचा पत्ता १९२.१६८.१०.७७/२६ आहे. २६ बिटांचा मास्क म्हणजे २५५.२५५.२५५.१९२. शेवटचा आकडा २५६ मधून वजा केला की ६४ उरतात, म्हणजे हे जाळे चौसष्ट-चौसष्टच्या टप्प्यांत विभागलेले आहे आणि टप्पे ०, ६४, १२८ व १९२ पासून सुरू होतात. ७७ हा आकडा ६४ ते १२७ या टप्प्यात येतो. म्हणून जाळ्याचा पत्ता १९२.१६८.१०.६४, ब्रॉडकास्टचा पत्ता १९२.१६८.१०.१२७, आणि संगणकांना देता येतील असे पत्ते ६५ ते १२६, एकूण ६२. कर्नल हेच बिटांनी करतो: ७७ म्हणजे ०१००११०१, १९२ म्हणजे ११००००००, दोहोंचा ‘अँड’ घेतला की ०१००००००, म्हणजे ६४.

आता याच संगणकावर कोणी चुकून /२४ लिहिले आणि गेटवे १९२.१६८.१०.६५ असा बरोबर दिला, तर काय होईल ते पाहू. गेटवे लागेल, इंटरनेट चालेल, ६५ ते १२६ मधले सगळे शेजारी लागतील. पण १९२.१६८.१०.१३० हा पत्ता प्रत्यक्षात राउटरच्या पलीकडे असूनही कर्नलला तो शेजारी वाटेल, एआरपीची हाक या तारेवर दिली जाईल, आणि ती ऐकायला तिथे कोणी नसल्यामुळे आपल्याच पत्त्यावरून ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’ येईल. राउटरवर प्रॉक्सी एआरपी चालू असेल तर राउटर स्वतःच उत्तर देतो आणि चूक झाकली जाते. कधीतरी कोणी तो राउटर बदलतो, आणि दोष नव्या राउटरवर येतो.

उलटी चूक अधिक फसवी असते. जाळे खरोखर /२४ आहे आणि एकाच संगणकावर /२६ लिहिले आहे, तर १९२.१६८.१०.१३० वरून त्याच्याकडे येणारे पॅकेट थेट येते, पण उत्तर मात्र गेटवेमार्गे जाते. गेटवे नुसता राउटर असेल तर तो ते पॅकेट त्याच तारेवर परत सोडतो आणि सगळे चालते आहे असे वाटते. गेटवे जोडण्यांची नोंद ठेवणारा फायरवॉल असेल तर त्याने जोडणीचे पहिले पॅकेट पाहिलेलेच नसते, त्यामुळे तो उत्तर टाकून देतो. ‘एका दिशेने होते, दुसऱ्या दिशेने होत नाही’ अशा तक्रारीत म्हणूनच मी दोन्ही टोकांचे मास्क आधी शेजारी-शेजारी लिहितो.

तिसऱ्या आकड्यात पडणारे मास्क डोळ्यांना लवकर दिसत नाहीत. १७२.१६.३७.२००/२० घ्या. मास्क २५५.२५५.२४०.०, टप्पा १६ चा, ३७ हा ३२ ते ४७ मध्ये येतो. म्हणून जाळे १७२.१६.३२.० पासून १७२.१६.४७.२५५ पर्यंत आहे. या जाळ्यात १७२.१६.३७.० आणि १७२.१६.३६.२५५ हे दोन्ही संगणकाला देता येण्याजोगे रीतसर पत्ते आहेत. शेवटी ० किंवा २५५ दिसला म्हणून पत्ता चुकीचा ठरवणारी जुनी साधने आणि जुन्या सवयी अजून टिकून आहेत.

मास्क चुकतो कसा, तेही ठाऊक असावे, नाहीतर दुरुस्ती टिकत नाही. जुन्या ‘आयएफकॉन्फिग’ला मास्क दिला नाही तर पत्त्याच्या वर्गानुसार मास्क लागतो आणि १० ने सुरू होणाऱ्या पत्त्याला सरळ २५५.०.०.० मिळतो, पत्त्यांचे वर्ग सीआयडीआरने (तिरप्या रेघेच्या पद्धतीने) १९९३ मध्येच निकालात काढले असले तरी ही सवय उरली आहे. उलट ‘आयपी ॲड्रेस ॲड’ला आकडा दिला नाही तर /३२ लागतो, म्हणजे संगणकाला एकही शेजारी उरत नाही. खासगी पत्त्यांपैकी १७२.१६.०.०/१२ हा पट्टा १७२.३१.२५५.२५५ पर्यंत जातो, पण फायरवॉलच्या नियमांत तो अनेकदा /१६ म्हणून लिहिलेला आढळतो. मास्क डीएचसीपीने (पत्ते आपोआप वाटणाऱ्या सेवेने) दिलेला असेल तर चूक सर्व्हरच्या मांडणीत असते आणि आपल्या संगणकावर कितीही वेळा सुधारली तरी लीजच्या (पत्त्याच्या मुदतीच्या) पुढच्या नूतनीकरणाला ती परत येते. डीएचसीपीचा आणखी एक बारकावा: सर्व्हरने १२१ क्रमांकाच्या पर्यायात मार्ग पाठवले तर क्लायंटने ३ क्रमांकाचा, म्हणजे गेटवेचा पर्याय सोडून द्यायचा असतो; त्यामुळे १२१ मध्ये डीफॉल्ट मार्ग लिहायचा राहिला की तो क्लायंटवरून गायब होतो.

कर्नललाच मार्ग विचारावा

गणित बरोबर निघाले तर राउटिंग टेबल डोळ्यांनी वाचत बसू नये. ‘आयपी राउट गेट’ या आज्ञेपुढे न लागणारा पत्ता लिहावा. कर्नल कोणता इंटरफेस, कोणता गेटवे आणि आपला कोणता पत्ता वापरणार आहे हे तो स्वतःच सांगतो. टेबलमध्ये अनेक मार्ग जुळत असतील तर सर्वांत लांब प्रीफिक्सचा (तिरप्या रेघेनंतरचा आकडा सर्वांत मोठा असलेला) मार्ग जिंकतो, मग तो कोणी आणि कधी घातला याला महत्त्व नसते. येथे हमखास सापडणारा गुन्हेगार म्हणजे कंटेनरांचे जाळे. कंटेनर चालवणारा डॉकर आपल्या पुलासाठी (आभासी ब्रिजसाठी) मुळात १७२.१७.०.०/१६ हा पट्टा घेतो आणि नंतर बनवलेल्या जाळ्यांना सहसा त्यापुढचे पट्टे देत जातो. संस्थेचा एखादा सर्व्हर त्याच पट्ट्यात असेल तर त्याच्यासाठीची पॅकेटे तारेपर्यंत न पोहोचता त्या पुलावरच संपतात. व्हीपीएन जोडल्यावरच बिघाड दिसत असेल तर हीच आज्ञा जोडण्यापूर्वी आणि जोडल्यानंतर देऊन उत्तरे ताडून पाहावीत.

उत्तर टेबलशी विसंगत वाटले तर ‘आयपी रूल’ पाहावे. नेहमीच्या संगणकावर ०, ३२७६६ आणि ३२७६७ या क्रमांकांचे तीनच नियम असतात. मध्ये आणखी काही दिसले तर कोणीतरी वेगळे टेबल लावलेले आहे.

शेजाऱ्यांचे टेबल

‘आयपी नेबर’ या आज्ञेने एआरपीचे टेबल दिसते. ‘स्टेल’ लिहिलेले पाहून काही बिघडले असे समजू नये. नोंद जुनी आहे आणि गरज लागली की तपासली जाईल, एवढाच त्याचा अर्थ. ‘फेल्ड’ किंवा ‘इनकम्प्लीट’ म्हणजे मात्र हाकेला उत्तर आलेले नाही. एकाच पत्त्यासमोर मॅक पत्ता वेळोवेळी बदलत असेल तर दोन यंत्रे एकच पत्ता वापरत आहेत अशी दाट शंका घ्यावी, आणि ‘एआरपिंग -डी’ने खात्री करावी. रीस्टार्टने काही काळ बरे होणाऱ्या बिघाडांत हे कारण बरेचदा निघते, कारण रीस्टार्ट होताना आपला संगणक पत्त्यावर पुन्हा हक्क सांगतो आणि दुसरे यंत्र पुढे हळूहळू तो परत मिळवते.

एका मोठ्या जाळ्यात खूप शेजारी असतील तर टेबल भरूही शकते. कर्नलची मूळ मर्यादा १०२४ नोंदींची आहे. ती ओलांडली की ‘डीमेसेज’मध्ये (कर्नलच्या संदेशांत) नेबर टेबल ओव्हरफ्लोची तक्रार येते आणि नवे शेजारी यादृच्छिकपणे लागेनासे होतात. ही मर्यादा ठरवणारा ‘जीसी थ्रेश ३’ वाढवला की हा त्रास जातो. एकाच संगणकाची दोन कार्डे एकाच जाळ्यात लावली असतील तर लिनक्स कोणत्याही कार्डावरून दोन्ही पत्त्यांच्या हाकेला उत्तर देतो. कर्नलच्या सेटिंगमध्ये ‘एआरपी इग्नोर’ १ आणि ‘एआरपी अनाउन्स’ २ करून ते आवरता येते, पण मुळात अशी जोडणी न करणे शहाणपणाचे.

पिंग चालते, बाकी अडकते

हे लक्षण असेल तर पॅकेटचा आकार तपासावा. ‘पिंग -एम डू -एस १४७२’ आणि पुढे पत्ता, अशी आज्ञा द्यावी. १४७२ बाइटांत आयसीएमपीचे (पिंग ज्यावर चालते त्या निरोपांच्या प्रोटोकॉलचे) ८ आणि आयपीचे २० मिळवले की १५०० होतात, जी इथरनेटची नेहमीची मर्यादा आहे. हे गेले नाही आणि १४०० गेले, तर वाटेत कुठेतरी मर्यादा कमी आहे, आणि ‘पॅकेट मोठे आहे’ हे सांगणारा आयसीएमपीचा निरोप कोणत्यातरी फायरवॉलने बहुधा अडवलेला आहे. पीपीपीओईवर (काही ब्रॉडबँड जोडण्यांच्या पद्धतीवर) मर्यादा १४९२ असते, व्हीपीएनच्या बोगद्यात त्याहूनही कमी. आपल्या इंटरफेसचा एमटीयू (पॅकेटच्या आकाराची मर्यादा) कमी करून काम चालते, पण आयसीएमपी सरसकट बंद करणारा नियम काढणे हीच खरी दुरुस्ती होय.

पॅकेट येते, पण प्रोग्रामला मिळत नाही

येथून पुढे काम कर्नलच्या आत आहे. नेटवर्क कार्ड पॅकेट मेमरीत उतरवते आणि इंटरप्ट देते. मग कर्नल इंटरप्ट थांबवून पॅकेटे स्वतः गठ्ठ्याने उचलतो. टीसीपीडंपला त्यांची प्रत मिळते ती या उचलण्यानंतर लगेच, म्हणजे आयपीचा थर आणि फायरवॉल यांच्या आधी. त्यामुळे येणारे पॅकेट टीसीपीडंपमध्ये दिसणे याचा अर्थ ते कार्डापर्यंत आले एवढाच होतो. फायरवॉलने ते सोडले असा होत नाही. जाणाऱ्या पॅकेटांचे याच्या उलट आहे: ती फायरवॉल ओलांडल्यावरच टीसीपीडंपला दिसतात.

पॅकेट दिसते आणि पुढे नाहीसे होते, तर प्रथम रिव्हर्स पाथ फिल्टर तपासावा. पॅकेट ज्या इंटरफेसवरून आले, त्याच इंटरफेसवरून पाठवणाऱ्याकडे परतीचा मार्ग आहे का, हे कर्नल पाहतो आणि नसेल तर पॅकेट गुपचूप टाकून देतो. दोन कार्डांच्या सर्व्हरवर हे नेहमी घडते. ‘आरपी फिल्टर’चे मूल्य ० म्हणजे बंद, १ म्हणजे कडक, २ म्हणजे सैल. येथे एक हमखास फसवणारी गोष्ट आहे: ‘ऑल’चे मूल्य आणि त्या इंटरफेसचे मूल्य यांतील मोठे मूल्य लागू होते. ‘ऑल’ १ असताना इंटरफेसला ० लिहून काहीच बदलत नाही. २ लिहिले तर बदलते. आधी ‘एनस्टॅट -एझेड’मध्ये ‘आयपी रिव्हर्स पाथ फिल्टर’ हा काउंटर वाढतो का ते पाहावे. वाढत नसेल तर या सेटिंगला हात लावू नये.

त्यानंतर फायरवॉलच्या नियमांपुढचे पॅकेटांचे आकडे पाहावेत. ‘डीमेसेज’मध्ये ‘एनएफ कॉनट्रॅक’चे (जोडण्यांच्या नोंदींचे) टेबल भरल्याची ओळ असेल तर जुन्या जोडण्या चालतात आणि नव्या होत नाहीत. स्थिरावलेल्या टीसीपी जोडणीची नोंद मुळात ४,३२,००० सेकंद, म्हणजे पाच दिवस ठेवली जाते. त्यामुळे अर्धवट तुटलेल्या जोडण्या तिथे साचत राहतात. मर्यादा वाढवण्यापूर्वी एवढ्या जोडण्या कोण उघडते ते शोधावे.

सर्वांत शेवटी ‘प्रॉक’मधील ‘सॉफ्टनेट स्टॅट’ ही फाइल पाहावी. तिच्यात प्रत्येक सीपीयूसाठी एक ओळ असते आणि आकडे षोडशमान पद्धतीत असतात. दुसरा स्तंभ रांग भरल्यामुळे टाकलेल्या पॅकेटांचा, तिसरा ठरलेल्या हप्त्यात काम न संपल्याचा. मात्र या पातळीवरचा बिघाड क्वचितच ठरावीक पत्ते निवडतो. तो भार वाढला की सगळ्यांनाच थोडा-थोडा छळतो.

दुरुस्ती करताना

‘आयपी’ आज्ञेने केलेला बदल रीस्टार्टनंतर उरत नाही. तपासणीसाठी हे सोयीचे आहे, पण बिघाड ‘पुन्हा-पुन्हा’ येण्याचे एक मोठे कारणही हेच आहे. बदल लागू पडला की तो नेटप्लॅन, नेटवर्क मॅनेजर किंवा जे काही त्या संगणकावर आहे, त्याच्या मांडणीत लिहावा. एसएसएचवरून मास्क बदलताना नवा पत्ता आधी जोडावा आणि मगच जुना काढावा. फायरवॉलचे नियम दुरून पुसून टाकू नयेत. मूळ धोरण ‘ड्रॉप’ असेल तर नियम जाताच आपलीही जोडणी जाते.

कोठे थांबावे

पुढील परिस्थितीत स्वतः पुढे जाऊ नये आणि नेटवर्क प्रशासकाला बोलवावे. आपल्या संगणकावरून पॅकेट योग्य मॅक पत्त्यासह बाहेर पडते आहे आणि उत्तर कार्डापर्यंत येतच नाही, असे टीसीपीडंपने दाखवले तर बिघाड आपल्या हाताबाहेर आहे. दुहेरी पत्त्यातील दुसरे यंत्र कोणाचे ते कळत नसेल, डीएचसीपी सर्व्हर किंवा राउटर दुसऱ्या कोणाच्या ताब्यात असेल, किंवा केबल बदलूनही एरर्स वाढत असतील, तर तेथेही थांबावे. कन्सोल उपलब्ध नसलेल्या दूरच्या सर्व्हरवर मार्ग आणि फायरवॉल यांना हात लावू नये. कार्डाचा ड्रायव्हर, रिंग बफर किंवा कर्नल बदलण्याची वेळ आली तर ते काम चालू सेवेवर एकट्याने करू नये.

बोलावताना न लागणारा पत्ता, दोन्ही टोकांचे पत्ते मास्कसह, पिंगचा शब्दशः संदेश, ‘आयपी राउट गेट’चे आणि ‘आयपी नेबर’चे उत्तर, आणि शक्य असेल तर दोन्ही टोकांना एकाच वेळी घेतलेले टीसीपीडंप द्यावे. ते घेण्यापूर्वी दोन्ही संगणकांची घड्याळे जुळलेली आहेत ना, हे पाहून घ्यावे, नाहीतर एका टोकाचे कोणते पॅकेट दुसऱ्या टोकाला पोहोचले ते वेळेवरून जुळवता येत नाही.